ओट्यावरची सहावी

भारताचा राष्ट्रध्वज मी एकदा ओल्या टॉवेलासारखा दोरीवर वाळत घातला होता. आडवा, दोन लाकडी चिमटे लावून. तोही पंधरा ऑगस्टला, सकाळी सात वाजता, शाळेच्या पटांगणात, साठ मुलांच्या डोळ्यांदेखत. नातीला हे सांगितलं की ती आधी पोट धरून हसते आणि मग विचारते, "आजी, तुला पकडून नाही नेलं?" नेलं असतं तर बरं झालं असतं. त्या चुकीचं फळ माझ्या वाट्याला आलं नाही, भलत्यांच्याच वाट्याला आलं. म्हणून तुळजा टीचरांबद्दल लिहायला बसले की लेखणी आधी त्या दोरीपाशीच जाऊन थांबते.

तेव्हाची मी कशी होते ते सांगून टाकते, म्हणजे पुढचं फार नवलाचं वाटणार नाही. तेवीस वर्षांची, कराडची, मराठी घेऊन बी. ए. झालेली, आणि या तिन्ही गोष्टींचा सारखाच गर्व असलेली. लग्न होऊन कुंभकोणमला आले. सासरचे मराठीच, पण तंजावरच्या राजांच्या काळात खाली आलेल्या घराण्यांपैकी. त्यांची मराठी तीनशे वर्षं इथेच मुरलेली. घरात "मी येतें", "तूं जातोस कीं", "अस्कें झालें", म्हणजे सगळं झालं; आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की तमिळ. मला वाटे, जुन्या दप्तरातली माणसं उठून स्वयंपाकघरात आली आहेत. जेवताना मी सासूबाईंचं व्याकरण दुरुस्त करत असे. त्या शांतपणे ऐकून घेत आणि माझ्या पानात आणखी भात वाढत. तोंड भरलं की व्याकरण थांबतं, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं.

गल्लीत मला सगळे 'बॉम्बे अक्का' म्हणत. मुंबई मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, तीही मावशीच्या डोहाळजेवणाला. पण ही एक दुरुस्ती मात्र मी कधी केली नाही.

शेजारच्या घरात तुळजा टीचर एकट्या राहत. त्याही आमच्यासारख्याच तंजावरी मराठी. पंचेचाळिशीच्या, बुटक्या, काळी छत्री काठीसारखी वापरणाऱ्या. चष्म्याची एक काडी मोडली होती, तिथे रेशमाचा धागा बांधून तो कानाला अडकवलेला. दुसऱ्या कानामागे सुतार पेन्सिल ठेवतो तसा खडू. तो खडू त्या देवळातही घेऊन जात. नवरा लवकर गेलेला. त्याबद्दल विचारलं तर त्या शाळेबद्दल बोलायला लागत.

पहिल्याच भेटीत मी त्यांचीही मराठी सुधारायला गेले. म्हटलं, "टीचर, 'येतें' नाही म्हणत आता. 'येते' म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"सगळेच."

"मज कोणी विचारिलें नाहीं," त्या म्हणाल्या आणि छत्री टेकत शाळेला निघून गेल्या.

शाळा त्यांची आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर, मायिलाडुतुरैच्या रस्त्याला, तिरुभुवनमच्या दिशेला, विणकरांच्या वस्तीत. पाचवीपर्यंतची. टीचर हेडमिस्ट्रेस, हाताखाली दोन मास्तर. त्या भागात भल्या पहाटे गल्लीतच ताणा लावतात. रेशमाचे हजारो धागे रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचे, मधे काठ्या घालायच्या, तुटलेला धागा शोधून सांधायचा, आणि ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं. त्यामुळे घरातलं लहानमोठं जे कोणी असेल ते त्या वेळी रस्त्यावर. मुलं शाळेत उशिरा येतात म्हणून आधीचे हेडमास्तर छडी घेऊन दारात उभे राहायचे. टीचरांनी छडी मोडून वर्गातल्या नकाशाला आडवी लावली आणि हजेरीचं रजिस्टर घेऊन स्वतःच गल्लीत जायला लागल्या.

मी एकदा बरोबर गेले होते. डावीकडे गुलाबी ताणा, उजवीकडे हिरवा, मधून टीचर चाललेल्या. "राजेंद्रन?" "आहे, टीचर!" आवाज धाग्यांखालून. "सेल्वी?" उत्तर नाही, नुसतं हुंकारल्यासारखं काहीतरी. सेल्वीच्या तोंडात धाग्याचं टोक होतं. टीचरांनी खूण केली आणि पुढे गेल्या.

"हे चालतं का?" मी विचारलं. मला नियमांची फार काळजी.

"शाळा सातास उघडावी ऐसें सर्कारनें लिहिलें आहे. कोठें उघडावी तें लिहिलें नाहीं."

देशाबद्दल त्यांच्या तोंडी एकच वाक्य असे: "संसार नवा आहे गे." वीज गेली, संसार नवा आहे. खडूची पेटी तीन महिने आली नाही, संसार नवा आहे. बस वाटेत बंद पडून सगळ्यांना उतरून ढकलावी लागली, तर त्या आत बसून राहिल्या आणि खिडकीतून ढकलणाऱ्यांना म्हणाल्या, "जोर लावा, संसार नवा आहे." मी कॉलेजात वक्तृत्वाची ढाल जिंकलेली मुलगी. मला हे फारच घरगुती वाटे. देश म्हटल्यावर कसं, आवाज चढला पाहिजे, मूठ वळली पाहिजे.

त्यामुळे त्यांच्या शाळेतला पंधरा ऑगस्ट कसा असतो हे ऐकून मी निराशच झाले. भाषण नाही, वक्तृत्व नाही. झेंडा चढवायचा, राष्ट्रगीत म्हणायचं, मग पाचवीतलं एकेक मूल पुढे येणार आणि टीचर त्याला विचारणार, "मी म्हातारी झाले म्हणजे तू माझ्यासाठी काय करशील?" मूल सांगेल ते रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहून घेणार.

"टीचर, हा तर स्वार्थ झाला," मी म्हटलं. "देशासाठी काय कराल असं विचारायला हवं."

"देश मोठा आहे गे. दहा वर्षांच्या पोरास तो दिसत नाहीं. मी दिसतें."

मुलगे काय वाटेल ते कबूल करत. एकजण त्यांना फुकट बसमधून फिरवणार होता. एकजण नवे दात बसवणार होता. एक गोविंदन म्हणून होता, तो वाऱ्याने आडवा न पडणारा भात पिकवून त्यांना खायला घालणार होता. आणि मुली? मुलींचं उत्तर वर्षानुवर्षं एकच. साडी विणीन. टीचरांनी ती पानं मला दाखवली. साडी, साडी, साडी, पानभर साडी.

"मज अंग एकच आहे," त्या म्हणाल्या. "इतक्या साड्या नेसूं कधीं?"

त्यामागची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. पाचवीनंतरची शाळा रेल्वे फाटकापलीकडे, तीन मैलांवर. मुलगे सायकलवर दोघं-तिघं बसून जात. मुली मागावर बसत. दहाव्या वर्षी एकदा पाय मागाखालच्या खड्ड्यात गेले की गेले. टीचरांना शाळेला सहावी जोडून हवी होती. सहावी जवळ आली तर सातवी येईल, सातवी आली तर आठवी. कित्येक वर्षं त्या अर्ज करत होत्या. शेवटी शिक्षण खात्यातले एक साहेब पंधरा ऑगस्टला स्वतः येऊन शाळा बघायला कबूल झाले. त्यांचा शेरा चांगला पडला की पुढच्या जूनला सहावी.

सेल्वी त्या वर्षी पाचवीत होती. तिने टीचरांना आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं की ती साडीबिडी म्हणणार नाही. टीचरांकडे एक रेडिओ होता, तो थोबाडीत मारल्याशिवाय बोलत नसे. सेल्वी म्हणणार होती, "मी तुमचा रेडिओ दुरुस्त करीन." टीचर हे मला सांगताना दोनदा हसल्या. त्या सहसा एकदाही हसत नसत.

आणि अशा त्या दिवशी एक मास्तर तापाने आजारी, दुसऱ्यांच्या घरी बाळंतपण. साहेबांना आणायला स्टेशनवर टीचरांनाच जायला हवं. आदल्या संध्याकाळी त्या भिंतीवरून म्हणाल्या, "सुनेबाई, उद्यां सातास शाळेंत जाऊन कोडी बांधून ठेव. घट्ट बांध. साहेब येणार."

कोडी म्हणजे तमिळमध्ये झेंडा. कोडी म्हणजे वेलसुद्धा. आणि कोडी म्हणजे कपडे वाळत घालायची दोरीसुद्धा. यातला तिसराच अर्थ मला माहीत होता, कारण सासूबाई दिवसातून चारदा ओरडत, "कोडीवरची साडी काढ गे!" मला वाटलं, शाळेत कपड्यांची दोरी कशाला? पण विचारलं नाही. बी. ए. झालेली मुलगी विचारत नाही, ती समजून घेते.

मी काथ्याची लांब दोरी आणली आणि पटांगणाच्या मधोमध, कडुनिंबापासून ओट्याच्या खांबापर्यंत, अगदी वीणेच्या तारेसारखी ताणून बांधली. मग टेबलावर पाहिलं तर झेंडा घडी करून ठेवलेला. टीचर दरवर्षी तो स्वतः रिठ्याच्या पाण्यात धूत. हात लावला, तर किंचित ओला. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अच्छा, यासाठी दोरी! चिमटे तिथेच एका पिशवीत सापडले. बाजूला सुरूचा उंच वासा उभा होता, त्याला वरपर्यंत दोर लावलेला. त्याच्याकडे माझं लक्षही गेलं नाही.

मुलं माझ्याभोवती जमली आणि ओरडायला लागली, "मेले, अक्का! मेले, मेले!"

तमिळमध्ये मेले म्हणजे वर. मुलं सांगत होती, झेंडा वर, वर. मला तमिळ येत नव्हतं. मी दचकून विचारलं, "कोण मेले?" मुलं आणखी जोरात आभाळाकडे बोटं दाखवायला लागली. माझी खात्रीच पटली की कोणीतरी मोठं माणूस गेलं. मी हात जोडून क्षणभर डोळे मिटून उभी राहिले. मुलंही गोंधळून गप्प झाली. साठ मुलं आणि मी, दोरीवरच्या झेंड्यासमोर, न मेलेल्या माणसासाठी उभे.

तेवढ्यात टीचर साहेबांना घेऊन आल्या. साहेब उंच होते आणि झेंडा पाहायचा म्हणून वर बघत चालत होते. वर काहीच नव्हतं. दोरी त्यांच्या गळ्याला लागली, चष्मा खाली पडला, आणि ओल्या झेंड्याचं टोक तोंडावरून फिरलं. चष्मा लावून त्यांनी पाहिलं. कोणी हसलं नाही. चिमट्यांकडे बोट दाखवून ते म्हणाले, "हे काय आहे?"

"मीच सांगितलं होतं, सर," टीचर म्हणाल्या, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ओला होता. या मुलीची चूक नाही."

"ज्यांना झेंडा लावता येत नाही त्यांना सहावी पाहिजे?"

साहेब खुर्चीवर बसलेसुद्धा नाहीत. उभ्यानेच वहीत शेरा लिहिला आणि आले त्याच टांग्याने परत गेले. शाळेची शिस्त समाधानकारक नाही, असं होतं त्यात. तेवढं पुरलं.

टीचरांनी झेंडा काढला, झटकला, घडी घातली, वाशाला बांधून वर चढवला. राष्ट्रगीत झालं. मग नेहमीसारखी पाचवीतली मुलं एकेक करून पुढे आली. सेल्वीची पाळी आली. ती साहेबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. टीचर लाडानं म्हणाल्या, "सांग, कण्णा." सेल्वी म्हणाली, "साडी विणीन."

टीचरांनी कानामागे हात नेला, मग खाली आणला. रजिस्टरमध्ये काही लिहिलं नाही. मला वाटलं, आता आपल्याला बोलतील. घरी जाताना वाटभर मी वाट पाहत होते. दारात आल्यावर त्या म्हणाल्या, "चिमटे दे परत. माझे आहेत."

घरी मी नवऱ्याला सांगितलं की मला कराडला जायचं आहे, कायमचं. तो म्हणाला, आधी जेव. सासूबाईंनी भात वाढला. त्या दिवशी मी पानावरून तशीच उठले.

दोन दिवसांनी टीचर पाटी घेऊन आमच्या दारात.

"बी. ए. आहेस कीं नाहीं?"

"आहे."

"गणित येतें?"

"थोडं."

"मग सहावी तूं घे. माझ्या ओट्यावर. अर्ज मंजूर व्हायचा तेव्हां होवो."

"मला तमिळ येत नाही, टीचर."

"त्यांस गणित येत नाहीं. बरोबर झालें."

कुंभकोणमच्या जुन्या घरांना रस्त्याकडेला ऐसपैस ओटा असतो, वर कौलं, लाकडी खांब. तिथे सहावी भरली. विणकरांच्या घरच्या पाच मुली, दुपारी दीड तास. टीचरांनी प्रत्येकीच्या घरी जाऊन तेवढा दीड तास मागून आणला होता. कसा, ते त्यांनी सांगितलं नाही. एका बापाला त्या म्हणाल्या होत्या म्हणे की मुलीला भाग करता आले तर नक्षीचा हिशेब चुकणार नाही. त्याला पटलं. दुसऱ्याला म्हणाल्या, मी तुलाही शिकवलं आहे. तो नुसताच घाबरला.

मी चिंचोके घेऊन बसायचे. मुली मला तमिळ शब्द सांगत आणि मी चुकले की ओट्यावर लोळून हसत. पुढे शाळेतून आल्यावर टीचर मागे खांबाला टेकून बसत, छत्री मांडीवर, डोळे मिटलेले. मला वाटे, झोपल्या. मी एकदा हातचा विसरले तेव्हा मिटल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "एक राहिला गे."

सेल्वी त्या पाचजणींत नव्हती. तिच्या बापाने तिला त्याच वर्षी मागावर बसवलं. पण अमावास्येला माग बंद असतात. तेवढ्या एका दिवशी ती यायची, तेल लावून, वेणी घालून, बाकीच्यांपेक्षा आधी. बाकीच्या महिन्याभरात जे शिकल्या ते ती एका दुपारी शिकायला बघायची. अपूर्णांकापर्यंत आली. मग लग्न ठरलं.

टीचर दर सोमवारी शिक्षण खात्याला एक कार्ड लिहीत. प्रत्येक वेळी तीच विनंती, शेवटी तोच नमस्कार. कार्ड टपालपेटीत टाकून झाल्यावर पेटीला छत्रीने एक टोला मारत, रेडिओला मारत तसा. तिसऱ्या जूनला सहावी मंजूर झाली. मी आनंदाने रडले. टीचर म्हणाल्या, "अत्तां सातवी," आणि नवं कार्ड काढलं.

माझा भाऊ एकदा कराडहून आला होता. टीचर त्याला फार आवडल्या. जाताना त्याने भाबडेपणाने विचारलं, "इतकी वर्षं झाली तुम्हाला इथे. कधी परत यावंसं नाही वाटत?"

"आम्ही वाट चुकून आलों नाहीं," टीचर म्हणाल्या. "येथेंच यायचें होतें. भात चांगला आहे."

भाताचं त्यांचं खरंच होतं. तो गोविंदन पुढे आडुतुरैला भाताच्या संशोधनाच्या शेतावर कामाला लागला. दर पोंगलला नव्या वाणाची पिशवी घेऊन येई आणि टीचर जेवेपर्यंत समोर बसून राही. एका वर्षीचा भात अगदीच पिठूळ होता. मी तोंड वाकडं केलं.

"चव नाहीं याला, टीचर."

"नाहीं. पण शेतांत पडत नाहीं." त्यांनी आणखी घेतला. "आधीं उभें राहूं दे गे. चवीचें मग पाहूं."

सगळ्यांनीच शब्द पाळला असं नाही. दात बसवणारा दुबईला गेला. टीचर बोळक्या तोंडाने सांगत, "माझे दांत परदेशीं आहेत." बसवाला खरोखर कंडक्टर झाला, पण त्याने त्यांच्याकडून तिकीट घेतलं. त्याचा त्यांना राग यायला हवा होता. उलट त्या गल्लीभर सांगत फिरल्या की माझा विद्यार्थी कोणालाही फुकट नेत नाही, मलासुद्धा नाही.

निवृत्त झाल्यावरही कार्डं चालूच राहिली. सातवी आली, आठवी आली, मग दहावी. नवी इमारत आली, मुलींना स्वच्छतागृह आलं, संगणकही आला. दर वेळी टीचर जाऊन बघून येत आणि काय कमी आहे तेवढंच सांगत. मी एकदा चिडून म्हटलं, "टीचर, संसार अजून नवाच का? सासूबाई झाला आता तुमचा देश."

"मग सासूस ऐकूं येत नाहीं, मोठ्यानें सांगावें लागतें," त्या म्हणाल्या आणि पेन मागितलं.

पंच्याऐंशीच्या पुढे त्यांची नजर गेली, पाय गेले. मी तोवर दोन नातवंडांची आजी झाले होते. शेवटच्या पंधरा ऑगस्टला त्यांना शाळेत न्यायला मी रिक्षा केली. पाहुण्यांच्या भाषणात त्या गाढ झोपल्या. आजकाल तिथे भाषणं असतात, माइकवरून, आवाज चढवून, मूठ वळून. मला तरुणपणी हवी होती तशी. मला ऐकवेना. टाळ्यांनी टीचर जाग्या झाल्या आणि म्हणाल्या, "मज फाटकाशीं ने."

फाटकाशी खुर्ची ठेवली. कार्यक्रम सुटला आणि मुली बाहेर पडायला लागल्या, सायकलींवरून, तोंडात गोळ्या, हातात कागदी झेंडे. टीचरांना दिसत नव्हतं. त्या सायकलींच्या घंटा ऐकत होत्या आणि बोटांवर मोजत होत्या. "पंधरा, सोळा, सत्रा." मधेच एक मुलगी थांबली, कोणी हवंय का आजी तुम्हाला, म्हणून विचारलं. टीचरांनी तिला छत्रीने पुढे हाकललं. "थांबूं नको. मोजणी चुकते." चाळिसाच्या पुढे मी मोजणं सोडलं. त्यांनी सोडलं नाही. ऊन तापलं, फाटक रिकामं झालं, तरी त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून चालत होता. तसंच आठवतं मला त्यांना.

मार्गळीत, म्हणजे आपल्या मार्गशीर्षात, त्या झोपेतच गेल्या.

तेराव्याला पुष्कळ लोक आले. गोविंदन भात घेऊन आला, दुबईहून फोन आला. सगळे गेल्यावर सेल्वी मागे राहिली, भांडी आवरायला. तीही आता बावन्न-त्रेपन्नची. तिरुभुवनमला विणकरांच्या सोसायटीत तिच्या हातची साडी म्हटली की बायका रांग लावतात. बोटांना घट्टे पडलेले, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. आम्ही दोघी टीचरांच्या ओट्यावर बसलो. आणि चाळीस वर्षं जे पोटात होतं ते मी तमिळमध्ये, अडखळत, तिला सांगून टाकलं. की त्या दिवशी टीचरांनी मला दोरी बांधायला सांगितलं नव्हतं. त्यांनी खोटं सांगून माझी चूक अंगावर घेतली. झेंडा मी वाळत घातला, माझ्या अडाणीपणामुळे. साहेब माझ्यामुळे परत गेले, सहावी माझ्यामुळे गेली, आणि तू मागावर बसलीस तीही माझ्यामुळे.

सेल्वीने हातातलं पातेलं पुसून उपडं ठेवलं. मग म्हणाली:

"अक्का, आमच्या गल्लीला ते तेव्हाच माहीत होतं. माझी आई तर तुमच्याशी भांडायलाच निघाली होती. पण त्याच दुपारी टीचर घरोघरी येऊन बजावून गेल्या, 'त्या बॉम्बेवालीला कोणी एक शब्द बोलायचा नाही. ती घाबरून पळून गेली, तर तुमच्या पोरींना भागाकार कोण शिकवणार?'"